पहिली ते चौथीच्या मुलांना सीट बेल्ट लावायला कसं शिकवायचं: शिक्षक आणि पालकांसाठी

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की शाळेकडून उपक्रम मागितला जातो आणि त्याचं स्वरूप बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. घोषवाक्य स्पर्धा, प्रभातफेरी, फलकावर रंगीत खडूने काढलेला सिग्नल. मुलं घोषणा अगदी घसा फाडून देतात आणि त्याच दिवशी बाबांच्या गाडीत पुढच्या दोन सीटच्या मधे उभी राहून घरी जातात. यात मुलांचं काही चुकत नाही. घोषणा द्यायला आपण शिकवलं, पट्टा लावायला शिकवलंच नाही.

पट्टा लावणं हे बुटाची नाडी बांधण्यासारखं हातांचं काम आहे. हाताला वळण लागलं की मूल ते न सांगता करतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत भाषण कमी आणि सराव जास्त आहे. वर्गात करायचं असेल तर सगळ्या पायऱ्या घ्या. घरी एकाच मुलाला शिकवायचं असेल तर पायरी १ आणि ७ सोडल्या तरी चालेल.

सुरुवातीला एवढं माहीत असू द्या

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा मुलांसाठीच्या खास आसनाविना गाडीत असेल तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड होतो. समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या माणसांनीही पट्टा लावायचा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेच. 'मागच्यांना कुठे लागतो?' असं कोणी म्हणालं तर वाद न घालता एवढं सांगा आणि पुढे चला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती फार थोड्या जणांना ठाऊक असते. गाडीतला पट्टा मोठ्या माणसाच्या मापाने बनवलेला असतो. साधारण १४५ सेंटीमीटर उंचीपर्यंत, म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत दहा-बारा वर्षांपर्यंत, तो पट्टा एकट्याने नीट बसत नाही. खाली बूस्टर सीट लागते, म्हणजे मुलाला उंच करून पट्टा योग्य जागी आणणारं पक्कं आसन. पहिली-दुसरीच्या मुलाला 'पट्टा लाव' एवढंच शिकवलं तर अर्धंच शिकवलं. पट्टा अंगावर कुठे यायला हवा, हेही त्याला कळलं पाहिजे.

पायरी १: वर्गात कोण कशाने येतं ते लिहून काढा

हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर करा. चालत, सायकलवर, दुचाकीवर, रिक्षाने, व्हॅनने, बसने, गाडीने. आमच्याकडे गाडीने येणारी मुलं मूठभरच निघतात. तुमच्याकडेही बहुधा तसंच असेल.

हे आधी करायचं कारण असं की 'तुमच्या गाडीत कोण पट्टा लावतं, हात वर करा' या प्रश्नाने ज्यांच्या घरी गाडी नाही ती मुलं गप्प होतात, आणि मग तो तास त्यांचा राहत नाही. 'मामाच्या गाडीत, टॅक्सीत, लग्नाला जाताना' असं विचारलं की सगळेच बोलू लागतात. गाडी नसलेल्या घरातल्या मुलाला तर हे शिकवणं जास्तच गरजेचं आहे. तो वर्षातून चार वेळा भाड्याच्या गाडीत बसणार, तेही लांबच्या प्रवासाला, आणि त्याला सवय नसणार.

याच वेळी आणखी एक माहिती काढा, पण मुलांकडून नको, पालकांकडून किंवा आधीच्या वर्गशिक्षिकेकडून. कुणाच्या घरात अपघात झाला आहे का? तसं मूल वर्गात असेल तर पायरी ३ मधला प्रयोग त्याच्यासमोर करण्याआधी घरच्यांशी बोला.

पायरी २: साहित्य आणि कागद जमवा

साहित्य:

- जुन्या गाडीचा पट्टा, बक्कल आणि रिळासकट (रीळ म्हणजे पट्टा ज्यावर गुंडाळला जातो ते). गॅरेजवाल्याकडे किंवा भंगारात मिळतो. शाळेत कुणाचे बाबा गाड्यांच्या कारखान्यात किंवा वर्कशॉपमध्ये असतील तर त्यांना विचारा. चाकणसारख्या गाड्यांच्या कारखान्यांच्या भागात राहून हे मिळालं नाही असं होत नाही.
- पाठ असलेली भक्कम खुर्ची. रीळ तिच्या पाठीला आणि बक्कल बाजूला घट्ट बांधायचं.
- खेळण्यातला उघडा ट्रक, एक फळी, एक वीट, क्ले, दोरा आणि रुंद रिबीन.
- रंगीत खडू आणि कुणाचा तरी जुना शर्ट.
- मापपट्टी. उंची नोंदवून ठेवायची आहे.

कागद:

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी.
- उभ्या गाडीत बसवून सराव घेणार असाल तर पालकांचं संमतीपत्र. डायरीत चिकटवलेली चार ओळींची चिठ्ठी पुरते, सही मात्र हवी.
- पालकांसाठी एका पानाचं पत्रक (पायरी ७).

भंगारातून आणलेला पट्टा वर्गातच राहील याची काळजी घ्या. अपघातात एकदा ताण बसलेला पट्टा वरून ठीक दिसला तरी पुन्हा भरवशाचा राहत नाही. 'बाई, आमच्या गाडीचा तुटलाय, हा देता का?' असं एखादे पालक विचारतात. द्यायचा नाही.

पायरी ३: 'का' हे एकदाच, आणि हातांनी दाखवा

मुलांना अपघाताचे व्हिडिओ दाखवू नका. व्हॉट्सॲपवर तसे ढीगभर येतात आणि उत्साही पालक ते वर्गाच्या ग्रुपवर टाकतात. सहा वर्षांचं मूल त्यातून पट्टा शिकत नाही, त्याला गाडीची भीती बसते एवढंच.

त्याऐवजी क्लेची बाहुली करा. मुलांनाच करू द्या, नावही त्यांनाच ठेवू द्या. फळीचं एक टोक पुस्तकांवर टेकवून उतार करा आणि उताराच्या तळाशी वीट ठेवा. बाहुलीला ट्रकमध्ये बसवून ट्रक सोडा. ट्रक विटेला धडकून थांबतो, बाहुली थांबत नाही. इथे एकच प्रश्न विचारा: 'ट्रक थांबला, मग ही का नाही थांबली?' तिसरी-चौथीतली मुलं बरंच जवळचं उत्तर देतात. पहिलीतल्या मुलांनी नुसतं पाहिलं तरी पुरे.

दुसऱ्यांदा बाहुली दोऱ्याने बांधा. ती जागेवर राहते, पण दोरा क्लेमध्ये रुततो. तिसऱ्यांदा रुंद रिबीन लावा. बाहुली राहते आणि अंगावर खूणही फारशी उठत नाही. पट्टा रुंद का असतो आणि तो पिळलेला का नसावा, हे या दोन फेऱ्यांत कळतं. पिळलेला पट्टा म्हणजे दोराच.

मग खऱ्या पट्ट्याचं रीळ दाखवा. पट्टा हळू ओढला तर येतो, हिसका दिला तर अडकतो. मुलांना हे जादूसारखं वाटतं आणि प्रत्येकाला करून बघायचं असतं. बघू द्या. यातून एक नेहमीचा घोटाळा आपोआप सुटतो. गाडीत बसल्यावर मूल घाईने पट्टा ओढतं, तो अडकतो, मूल म्हणतं 'खराब आहे' आणि सोडून देतं. 'अडकला तर सोड, आत जाऊ दे, मग हळू ओढ' हे त्याच्या हाताला इथेच कळतं.

हा तीन ठिकाणी धरणारा पट्टा व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये तयार केला आणि कंपनीने इतरांनाही तो वापरू दिला. चौथीच्या मुलांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. लहानांना नको.

पायरी ४: लावणं आणि सोडणं

खुर्चीवर एकेक मूल बसवा. क्रम असा:

१. दप्तर पाठीवरून काढायचं. पाण्याची बाटली आणि ओळखपत्राची दोरी गळ्यातून काढायची.
२. पाठ खुर्चीला पूर्ण टेकवायची.
३. खिडकीकडच्या हाताने पट्ट्यावरची चपटी पट्टी धरायची (आम्ही तिला 'जीभ' म्हणतो), हळू पुढे आणायची आणि पोटासमोर दुसऱ्या हातात द्यायची.
४. बक्कलमध्ये 'खट्' वाजेपर्यंत ढकलायची.
५. एकदा ओढून बघायचं.
६. छातीवरचा पट्टा वर ओढायचा, म्हणजे मांडीवरचा ढिला भाग घट्ट होतो.

पहिला मुद्दा बघून हसू नका. शाळेच्या मुलांच्या बाबतीत सगळ्यात मोठा अडथळा दप्तर हाच असतो. दप्तर पाठीवर ठेवून पट्टा लावला तर मूल सीटच्या कडेवर येतं आणि पट्टा ढिला राहतो. पावसाळ्यात हेच काम फुगलेला रेनकोट करतो. बाटलीचा पट्टा आणि ओळखपत्राची दोरी धक्क्यात गळ्याला काचू शकतात.

पाचव्या मुद्द्यावर अडून बसा. अर्धवट बसलेली जीभ वरून नीट बसल्यासारखीच दिसते.

क्रम लक्षात राहावा म्हणून आम्ही वर्गात एक बडबडगीत म्हणतो. हवं तर घ्या, नाहीतर तुमचं करा. मुलांनी केलेलं सगळ्यात चांगलं टिकतं.

दप्तर खाली, पाठ मागे,
पट्टा ओढू हळू-हळू गे,
खालचा पट्टा हाडावर,
वरचा पट्टा खांद्यावर,
खट् वाजलं? ओढून बघ,
गाडी आपली चालेल मग!

आता सोडणं. ज्या मुलाला पट्टा सोडता येत नाही ते तो लावायलाही घाबरतं, आणि वेळ आली तर बाहेर पडता येणं हाही सुरक्षेचाच भाग आहे. लाल बटण एका बोटाने दाबायला लहान मुलांना ताकद पुरत नाही. दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबायला शिकवा. पट्टा सुटला की तो धरून हळूहळू आत जाऊ द्यायचा, नाहीतर जीभ दारात अडकते आणि पुढच्या वेळी पट्टा बाहेर लोंबत असतो.

सोडायचा कधी, याचा नियम एकच ठेवा: गाडी थांबली, इंजिन बंद झालं, मोठ्यांनी 'सोड' म्हटलं. 'घर आलं की सोड' असं सांगू नका. घर दिसलं की मुलं सोडतात, आणि गल्लीचं शेवटचं वळण अजून बाकी असतं.

पायरी ५: पट्टा हाडावर, पोटावर नाही

घाई असेल तर बाकी सगळं उरका, ही पायरी उरकू नका.

मुलांना उभं करा आणि दोन्ही हात कमरेवर ठेवायला सांगा. बोटांना टणक लागतं ते कमरेचं हाड. मग पोट दाबून बघायला सांगा, ते मऊ. मग गळ्याखालचं हासळीचं हाड शोधायला सांगा. आता सांगा की खालचा पट्टा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडाला धरून बसतो आणि वरचा हासळीच्या मधोमध, खांद्यावरून जातो. पट्टा टणक जागी हवा, मऊ जागी नको. एवढ्यावर मुलं समजतात.

मोठ्यांसाठी कारण थोडं पुढे नेते. लहान मुलांच्या कमरेचं हाड पुरतं वाढलेलं नसतं, त्यामुळे पट्ट्याला अडकून राहायला कोपरा मिळत नाही. त्यात सीट खोल असते आणि गुडघे कडेवर येत नाहीत, म्हणून मूल पुढे घसरून बसतं. अशा वेळी धक्का बसला तर मूल पट्ट्याखालून सरकतं, पट्टा पोटावर चढतो आणि आतडी, यकृत किंवा पाठीचा कणा यांना इजा होऊ शकते. पट्टा लावलेला असूनही.

खडूची युक्ती इथे वापरा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला रंगीत खडू घासा, मुलाला जुना शर्ट घाला आणि पट्टा लावून काढा. शर्टावर रेघ उमटते. ती कुठून गेली ते मुलं स्वतःच तपासतात आणि एकमेकांच्या चुकाही काढतात. शर्ट जुनाच हवा. गणवेशावर खडू लागला तर दुसऱ्या दिवशी तुमचा फोन वाजेल.

मग प्रत्येक मुलाची पाच प्रश्नांची तपासणी करा. खुर्चीवर उंचीचा अंदाज येतो, खरं उत्तर गाडीतच मिळतं.

- पाठ सीटला टेकलेली आहे का?
- तशीच ठेवून गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का?
- खालचा पट्टा मांड्यांवर आहे का, पोटावर तर नाही?
- वरचा पट्टा खांद्यावर आहे का, मानेला घासत तर नाही?
- असंच सगळा प्रवास बसता येईल का?

एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं तर त्या मुलाला बूस्टर लागतो. पहिली-दुसरीत जवळजवळ सगळ्यांनाच लागेल. चौथीतही बऱ्याच जणांना.

मानेला घासतो म्हणून मुलं वरचा पट्टा काखेखाली घेतात किंवा पाठीमागे टाकतात. आजी-आजोबाही 'टोचतंय बाळाला' म्हणत हेच करतात. काखेखालून गेलेला पट्टा धक्क्यात थेट बरगड्यांवर बसतो. पाठीमागे टाकला तर वरचं अंग मोकळंच राहतं. पट्टा मानेला घासणं म्हणजे मूल अजून लहान आहे एवढंच. त्यावर उपाय बूस्टर. बाजारात मिळणाऱ्या मऊ खोळी आणि पट्टा खाली खेचणाऱ्या क्लिपा घेऊ नका.

पायरी ६: खऱ्या गाडीत सराव

शाळेच्या आवारात उभी असलेली एखाद्या शिक्षकांची किंवा पालकांची गाडी पुरते. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली तुमच्या खिशात. एका वेळी दोनच मुलं, आणि दोन मोठी माणसं. सकाळीच उरका. एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीतलं धातूचं टोक हाताला चटका देतं. एकदा चटका बसला की ते मूल पुढे कितीतरी दिवस पट्ट्याला हात लावत नाही. घरीही उन्हाळ्यात आधी आपलं बोट लावून बघत जा.

गाडीत गेल्यावर पहिला शोध लागेल तो असा की मागच्या सीटची बक्कलं सापडतच नाहीत. आपल्याकडे नवी गाडी आली की आठवड्याच्या आत सीट कव्हर चढतात, आणि कव्हरवाला मागची बक्कलं खुशाल आत दाबून टाकतो. टॅक्सींमध्ये तर हे नेहमीचंच. बक्कल बाहेर काढून ठेवणं हा सरावाचाच भाग समजा. कव्हरला त्या जागी चीर पाडून शिवून घेता येते, कोणताही सीट कव्हरवाला ते करून देतो.

एक धोका मुलांना स्पष्ट सांगा. पट्ट्याशी खेळायचं नाही, तो गळ्याभोवती गुंडाळायचा नाही. काही गाड्यांत पट्टा पूर्ण बाहेर ओढला की मग तो फक्त आतच जातो, बाहेर येत नाही. तो गळ्याभोवती असेल तर आवळत जातो.

पायरी ७: पालक सभा

खरी अडचण इथे असते. मुलं शिकतात. गाडी चालवतात मात्र मोठी माणसं.

पत्रक एकाच पानाचं करा. वर मुलाची उंची लिहा आणि खाली 'बूस्टर हवा' किंवा 'पट्टा नीट बसतो' यापैकी एकावर खूण करा. आपल्या मुलाचं नाव आणि माप असलेला कागद पालक टाकून देत नाहीत. छापील सूचनांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

सभेत पुढच्या गोष्टी ऐकायला मिळतील. उत्तरं तयार ठेवा.

'मागे बसलंय, काही होत नाही.' ४ सप्टेंबर २०२२ ची चारोटीजवळची घटना बहुतेकांना आठवते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलावर गाडी धडकली. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल दोघेही गेले, आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती. हे उदाहरण पालकांपुढे द्या, मुलांपुढे नको.

'मी मांडीवर घट्ट धरते.' ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली तर वीस किलोचं मूल त्या क्षणी साधारण चारशे किलोंच्या जोराने पुढे जातं. कोणत्याच आईचे हात ते धरू शकत नाहीत. ही आकडेमोड फळ्यावर करून दाखवा, भौतिकशास्त्र शिकलेला एखादा बाबा मान डोलावतोच. एकाच पट्ट्यात आई आणि मूल दोघं बसवण्याचाही प्रकार असतो. त्यात आईचं वजन मुलावर येतं.

'गावातल्या गावात तर जायचंय.' ताशी ५० म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून, तीन मजल्यांवरून पडणं. आणि गावातल्या रस्त्यावर पन्नासने आपण सगळेच जातो.

'आमच्या गाडीला पाच स्टार आहेत.' ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गाड्या धडकवून सुरक्षा तपासणारी चाचणी सुरू झाली, त्यात मोठ्यांचे आणि मुलांचे स्टार वेगवेगळे दिले जातात. पण मुलांचे स्टार काढताना बाहुल्या मुलांच्या खास आसनात बसवलेल्या असतात. मुलाला मांडीवर घेतलं तर ते स्टार तुम्हाला लागू नाहीत.

'त्याला पुढेच बसायचं असतं.' बारा वर्षांपर्यंत मागे. पुढची एअरबॅग मोठ्या माणसासाठी असते आणि ती फार जोरात उघडते. सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभं करण्याबद्दल मी काही लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळतं.

बूस्टर घेताना काय बघायचं तेही पत्रकात लिहा. त्यावर आर ४४ किंवा आर १२९ या युरोपीय मानकाची खूण (वर्तुळात 'ई' अक्षर) किंवा भारतीय एआयएस ०७२ चा उल्लेख असावा. मागच्या सीटला डोक्यामागे आधार नसेल तर पाठ असलेला बूस्टर घ्या. बूस्टर फक्त खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याबरोबर चालतो. जुन्या गाड्यांत मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा असतो, तिथे तो लावायचा नाही. घरची उशी किंवा लोड खाली ठेवणं हा बूस्टर नाही. धक्क्याला उशी सरकते आणि मूल पट्ट्याखाली जातं. बूस्टर स्वस्त नसतो हे खरं आहे. सोसायटीत किंवा नात्यात मोठ्या झालेल्या मुलाचा मिळाला तर चालेल, फक्त तो अपघातात सापडलेला नाही याची खात्री देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडूनच घ्या.

शेवटचं सांगताना आवाज थोडा कडक ठेवा. मोठ्यांनी आधी लावायचा. बीप वाजू नये म्हणून बक्कलमध्ये खोटी जीभ खुपसून ठेवणारे आपल्यातही आहेत. अशा क्लिपा ऑनलाइन विकण्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये कारवाई केली, तरी आधी घेतलेल्या क्लिपा गाड्यांत राहिल्याच आहेत. मुलाला ती क्लिप दिसते.

पायरी ८: व्हॅन, बस, रिक्षा

इथे खरं बोलावं लागतं. रिक्षात पट्टा नाही. जुन्या व्हॅनमध्ये आडव्या बाकड्यांवर मुलं समोरासमोर बसतात, तिथे पट्टा लावायला जागाच नाही. 'नेहमी पट्टा लावा' असं सांगून त्या मुलांना व्हॅनमध्ये बसवणं मला पटत नाही, म्हणून मी त्यांना वेगळं सांगते. पट्टा असेल तिथे लावायचाच. नसेल तिथे बूड सीटवर, पाठ टेकलेली, दप्तर पायाशी, हात आत, आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उठायचं नाही. व्हॅनवाल्या काकांच्या शेजारच्या सीटवर दोघांनी बसायचं नाही.

दुचाकीवरच्या धाकट्या भावंडांसाठीही एक ओळ द्या. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी ४० च्या आत.

तक्रार कुठे करायची? महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक अध्यक्ष असतात, पालक, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधी सदस्य. अनेक पालकांना ती आहे हेच माहीत नसतं. समितीकडे लेखी द्या आणि वाहनाची ही कागदपत्रं पाहायला मागा: नोंदणी प्रमाणपत्र, योग्यता प्रमाणपत्र, शालेय वाहतुकीचा परवाना, विमा, पीयूसी, चालकाचा परवाना आणि बॅज. तोंडी सांगितलेलं सभेच्या चहाबरोबर संपतं. ज्या बसमध्ये पट्टे आहेत तिथे बसमधल्या मावशींना तुमच्या सरावाला बोलवा. रोज सकाळी मुलांचा पट्टा त्याच बघणार आहेत.

व्हॅनवाल्यांशी भांडून काही होत नाही. एका व्हॅनमध्ये मुलं कमी घ्यायची तर भाडं वाढतं आणि ते द्यायची पालकांची तयारी नसते. हा हिशेब सभेत उघड मांडा.

पायरी ९: पुन्हा घ्या

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस नको, मुलं रुळू द्या. त्यानंतर एकदा, दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी एकदा. प्रत्येक वेळी सगळा तास लागत नाही. परिपाठानंतर खुर्ची मधे ठेवली आणि दोन-चार मुलांनी करून दाखवलं की झालं. दिवाळीनंतर उंची पुन्हा मोजा, पत्रकावरची खूण बदलू शकते.

मे महिन्याआधीचा सराव चुकवू नका. लग्नसराईत एका गाडीत आठ-दहा जण आणि मुलं मांड्यांवर, हे ठरलेलं. त्या वेळी सात वर्षांच्या मुलाने मोठ्यांशी वाद घालावा अशी अपेक्षा ठेवू नका, ते त्याला जमणार नाही. त्याला एकच वाक्य तोंडपाठ करून द्या: 'मला माझी सीट आणि माझा पट्टा द्या.' वर्गात एकाला मामा करा, एकीला आत्या करा आणि ते वाक्य म्हणायचा सराव घ्या. 'अरे बस मांडीवर, एवढ्याशाने काय होतंय?' असं मामाने म्हटलं की तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. तरीही सीट मिळाली नाही तर आईजवळ किंवा बाबांजवळ जायचं आणि त्यांना सांगायचं. पत्रकाच्या तळाशी हे वाक्य छापा, म्हणजे मुलाने ते म्हटल्यावर घरचे चकित होणार नाहीत.